मेलाटोनिन घेतल्याने दिवस राहतात का?

गर्भधारणेसाठी उपचार घेणारी जोडपी अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात: झोपेचे संप्रेरक असलेले मेलाटोनिन घेतले, तर स्त्रीबीज सुधारून दिवस राहतात का? ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका जोडप्याची हकीकत येथे देत आहे.

हिंजवडीतील कंपनीत अमेरिकी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणाऱ्या 33 वर्षांच्या या बाई दोन वर्षांपासून मुलासाठी प्रयत्न करत होत्या. नणंदेने न्यू जर्सीहून पाठवलेली, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या 10 मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्यांची बाटली त्यांनी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांना हे सांगितले आहे का, असे विचारताच त्या म्हणाल्या, "व्हिटॅमिनसारखंच असतं ना मॅडम, त्यात काय सांगायचं?"

मेलाटोनिन हे संप्रेरक आहे, जीवनसत्त्व नव्हे. अंधार पडल्यावर मेंदूतील पीनिअल ग्रंथी ते स्रवते, मध्यरात्रीनंतर त्याची पातळी सर्वाधिक असते आणि डोळ्यांवर उजेड पडला की स्राव घटतो. स्त्रीबीज अंडाशयातील ज्या छोट्या पिशवीत (पुटकात) वाढते, त्यातील द्रवात ते रक्तापेक्षा जास्त प्रमाणात आढळते आणि तेथे पेशींना अपायकारक ऑक्सिजन-कणांपासून वाचवते, त्यामुळे ही आशा निराधार नाही. जपानमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात रोज 3 मिलिग्रॅम घेणाऱ्या स्त्रियांमध्ये बीजफलनाचे प्रमाण सुधारलेले दिसले. मात्र ऑस्ट्रेलियात टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या 160 स्त्रियांना मेलाटोनिन किंवा त्यासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन तुलना केली, तेव्हा गर्भधारणेच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्याचा अहवाल 2018 साली आला. बाटलीवरच्या जाहिरातीत हा दुसरा अभ्यास अर्थातच नसतो.

शरीर रात्रभरात जेवढे मेलाटोनिन तयार करते, त्याच्या शंभर पटींहून अधिक त्या एका गोळीत होते. शिवाय कॅनडात 2017 साली अशी 31 उत्पादने तपासली, तेव्हा अनेकांमधील प्रत्यक्ष मात्रा आणि लेबलावरचा आकडा यांत मोठी तफावत निघाली. गर्भारपणातील सुरक्षिततेविषयी पुरेशी माहिती नसल्याने, दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने डॉक्टरांना न विचारता ते घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगितले.

तोवर गप्प बसलेले यजमान म्हणाले, "हिची रात्रपाळी आहे म्हणूनच होत नाही, घरी सगळे तेच म्हणतात." रात्रपाळीने मासिक पाळीचे चक्र काहींमध्ये बिघडते, हे खरे असले तरी या बाईंची पाळी नियमित होती आणि त्यांच्या सोनोग्राफीपासून थायरॉइडपर्यंतच्या सर्व तपासण्या झालेल्या होत्या. यजमानांची साधी वीर्यतपासणीही झालेली नव्हती. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो, तरीही नणंदेपासून सासूबाईंपर्यंत साऱ्या घराचे लक्ष सुनेच्या झोपेवरच होते, याचे मला खरे तर आश्चर्य वाटले नाही.

कामाची रात्रपाळी बदलून मिळणे शक्य नव्हते, म्हणून घरी आल्यावर झोपायच्या खोलीला जाड पडदे लावणे आणि अंथरुणात मोबाईल न पाहणे एवढेच ठरवले. बाटली त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवली आणि त्यांच्या सल्ल्याने गोळ्या बंद केल्या. काहीशा नाखुशीनेच यजमानांनी तपासणी करून घेतली, त्यात शुक्राणूंची हालचाल कमी असल्याचे आढळले आणि उपचार त्या अंगाने सुरू झाले.