ओर्वोच्या डब्या आणि सशाचे चित्रपट

प्रश्न : वडिलांच्या फोटो स्टुडिओत ‘ओर्वो’ फिल्मच्या रिकाम्या डब्या असायच्या, आई त्यांत टाचण्या ठेवायची. माल पूर्व जर्मनीचा, एवढं ठाऊक आहे. हा देश चित्रपटही काढायचा का? मग ते गेले कुठे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : डब्या टाकू नका. अंधारखोलीत चाचपडत ओर्वोचे रोल मीही भरलेत. ओर्वो म्हणजे ‘ओरिजिनल वोल्फेन’. वोल्फेन हे कारखान्याचं गाव.

चित्रपट निघायचे, आणि भरपूर. बर्लिनला लागून असलेल्या बाबेल्सबर्गला मे १९४६मध्ये ‘डेफा’ ही कंपनी सोव्हिएत परवान्यावर उभी राहिली. पहिला चित्रपट त्याच वर्षी आला, बर्लिनच्या खऱ्या ढिगाऱ्यांत चित्रित केलेला. पुढं सुमारे सातशे कथापट निघाले. रेड इंडियन नायक असलेले वेस्टर्नसुद्धा! त्यातला हीरो गोयको मितिच मूळचा सर्बियाचा. तिकडच्या पोरांचा तो देवच होता.

घात झाला डिसेंबर १९६५मध्ये, असं माझं मत. सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची बैठक भरली आणि जवळजवळ वर्षभराचे चित्रपट डब्यात गेले. त्यातल्या एकाचं नाव ‘मी ससा आहे’ अशा अर्थाचं. भाऊ तुरुंगात असलेली मुलगी त्याला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाच्याच प्रेमात पडते. तेव्हापासून सगळ्या बंदीवाल्यांना ‘सशाचे चित्रपट’ म्हणू लागले. पुढच्या वर्षी फ्रांक बायरचा बांधकामावरच्या सुतारांचा चित्रपट लागला, तर थिएटरात आरडाओरडा करायला पक्षानं माणसं बसवली. काही दिवसांत तोही उतरवला. त्यानंतरही चांगलं काम झालं. बायरच्याच एका चित्रपटाला पुढं ऑस्करचं नामांकन मिळालं. पण लिहितानाच स्वतःला कात्री लावायची सवय एकदा हाताला लागली की सुटत नाही. शिवाय घरोघरी पश्चिमेचा टीव्ही दिसत होताच.

९ नोव्हेंबर १९८९ला पूर्व बर्लिनमध्ये डेफाच्या एका नव्या चित्रपटाचा पहिला खेळ होता, समलिंगी शिक्षकाची गोष्ट. त्याच रात्री भिंत उघडली. असा योगायोग पटकथेत घातला असता, तर कुणी मान्य केला नसता. १९९२मध्ये स्टुडिओ एका फ्रेंच कंपनीला विकला गेला.

डब्यातले चित्रपट मात्र बाहेर आलेत. एकच बघायचा असेल तर ते सुतार बघा. गावच्या तळ्यात नागडे उतरतात आणि हटकायला आलेल्या पोलिसालाच पाण्यात ओढतात. पक्ष का बिथरला, ते तेवढ्यावरून कळेल.