दहा वर्षं हप्ते भरले, तरी 21 लाख बाकी?

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो: "मॅडम, अकरावीला गणित सोडलं तर चालेल ना? पुढे त्याचा उपयोग तरी काय?"

गेल्या वर्षी एक बाप-लेक हाच प्रश्न घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलीला कॉमर्सला जायचं होतं. गणित घ्यायचं की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस), यावरून घरात आठवडाभर वाद चालला होता. बीजगणितात 40 पैकी 13 पडलेले. "सूत्रं पाठ आहेत मॅडम, पण कुठलं कुठे लावायचं तेच कळत नाही," ती मान खाली घालून म्हणाली.

वडिलांनी तिचीच बाजू घेतली. "मी दुकान चालवतो, घर बांधलं. माझं काय अडलं गणितावाचून?"

मी घराच्या कर्जाबद्दल विचारलं. 30 लाख, 20 वर्षं, 9 टक्के, महिन्याला 26,992 रुपये हप्ता. दहा वर्षं नुकतीच पूर्ण झाली होती.

"मग किती फिटलं?"

"निम्मं. पंधरा राहिले असतील."

त्यांना मोबाइलवर शिल्लक बघायला सांगितलं. 21 लाख 30 हजार! ते गडबडलेच. बँकेची काहीतरी चूक असणार, असंच त्यांना वाटलं.

मी कागद मुलीपुढे सरकवला. वर्षाला 9 टक्के म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. 30 लाखांवर पहिल्या महिन्याचं व्याज किती? तिने मांडलं: 22,500. म्हणजे हप्त्यातले मुद्दलात गेले फक्त 4,492. पुढच्या महिन्यात मुद्दल तेवढं कमी, म्हणून व्याज थोडं कमी, आणि मुद्दलात 4,526. तिसऱ्या महिन्याचा आकडा काढता काढता ती थांबली. "मॅडम, हा दर वेळी 1.0075 पटच होतोय!" हे तिचं तिनेच शोधलं होतं. असे 120 महिन्यांचे आकडे मिळवले की 8 लाख 69 हजार होतात. दहा वर्षांत तेवढंच मुद्दल फिटलं होतं. बँकेचं काही चुकलं नव्हतं.

"पण 120 आकडे कोण मिळवत बसणार?" तिने विचारलं. त्यासाठीच अकरावीत भूमितीय श्रेढी (दर वेळी ठरावीक पट होत जाणाऱ्या आकड्यांची मालिका) आहे, बेरीज एका ओळीत येते. आणि आज दोन लाख जास्तीचे भरले तर किती हप्ते वाचतील, हा उलटा प्रश्न सोडवायला लॉगरिदम लागतं.

भाजी घेताना कोणी इंटिग्रेशन करत नाही, हे मी मुलांना आधीच सांगून टाकते. पण कर्ज, विमा, एसआयपी, महागाई यातलं काहीच सरळ रेषेत वाढत नाही, आणि आपला अंदाज मात्र नेहमी सरळ रेषेतच धावतो. वडिलांचे 'पंधरा लाख' तसेच आले होते.

करिअरचंही तिला स्पष्ट सांगितलं. एसपी घेऊनही सीए होता येतं. मात्र सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा 100 गुणांचा पेपर चुकत नाही. अ‍ॅक्च्युअरी (विम्यातल्या जोखमीचा हिशोब मांडणारा तज्ज्ञ) व्हायचं किंवा संख्याशास्त्र घेऊन पदवी करायची, तर गणिताशिवाय फार जड जातं. बारावी कॉमर्सच्या गणितात विमा, अ‍ॅन्युइटी (ठरावीक काळाने द्यायच्या किंवा मिळायच्या रकमांचा हिशोब), निर्देशांक, रिग्रेशन (एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज) असतं, म्हणजे पुढे नोकरीत जे लागतं तेच. गणित मुळातच नकोसं असेल तर जरूर सोडावं. पण या मुलीला ते नकोसं नव्हतं, तिला त्याची भीती बसली होती. सोळाव्या वर्षी भीतीपोटी विषय सुटला की पुन्हा धरणं किती अवघड जातं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

तिने गणित घेतलं. पहिल्या चाचणीत 25 पैकी 11 मिळाले. तेव्हा आमच्या आणखी दोन बैठका झाल्या.

दिवाळीनंतर वडिलांचा फोन आला. एफडी मोडून कर्जात दोन लाख भरायचा त्यांचा विचार होता. "पोरीने हिशोब केलाय मॅडम. व्याजदर हाच राहिला तर 17 हप्ते वाचतात म्हणते. बँकेत जाऊन विचारलं, त्यांनीही सतराच सांगितले."