सेट-टॉप बॉक्सची रेकॉर्डिंगची डिस्क पंधरा दिवसांत भरते, मोठी डिस्क घेऊ का?

लगेच घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की बॉक्सला ५०० जीबीची डिस्क लावलीय, घरात सगळेच रेकॉर्डिंग लावतात, पंधरा दिवसांत फुल होते आणि मग कुणाचं काय उडवायचं यावरून रोज वाद, म्हणून आता १ टीबी किंवा २ टीबीची घ्यावी का. आमच्याकडे अगदी सेम परिस्थिती होती. मी मोठी डिस्क घेऊन बसलो, मग दीड महिन्यात तीही भरली, आणि त्यानंतर जे झालं ते खाली सांगतोच.

खरं तर आम्हा सोलापूरकरांना साठवणूक कुणी शिकवायची गरज नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यामुळे हौद, वरची टाकी, न्हाणीत दोन बॅरल, आणि कुठलं पाणी प्यायचं कुठलं धुण्याला हे शाळकरी पोराला पण पाठ असतं. पण तीच माणसं रिमोट हातात आला की दिसेल ते रेकॉर्डला लावतात, कारण डिस्क किती भरली हे हौदासारखं वाकून दिसत नाही ना.

आमच्या घरी आरोपी ठरलेला होता, आई. मुलगा म्हणायचा आज्जीच्या मालिकांनीच सगळं भरलंय, बायकोचंही तेच मत, आणि आई बिचारी गप्प बसून आपलेच भाग डिलीट करायची, कधी कधी न बघताच. मी टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, दिवसभर हिशोबच, म्हणून एका रविवारी वही घेऊन बसलो की कोण किती खातंय ते एकदा बघूच.

हिशोब अवघड नाहीये. चॅनल जेवढ्या एमबीपीएसनं (म्हणजे सेकंदाला जेवढे मेगाबिट) येतं, तेवढ्याला ४५० नं गुणायचं, की तासाला किती एमबी लागतात ते निघतं. म्हणजे एसडी चॅनल २ एमबीपीएस धरलं तर तासाला ९०० एमबी, एचडी ८ धरलं तर तासाला ३.६ जीबी. तुमच्या चॅनलचा खरा आकडा वेगळा असेल, तो काढायला सोपी युक्ती म्हणजे रेकॉर्डिंगच्या आधी डिस्कची शिल्लक जागा बघून ठेवायची, एक तास रेकॉर्ड करायचं आणि परत बघायची.

आता बघा, आईच्या तीन मालिका, अर्धा-अर्धा तास, आठवड्याचे सहा दिवस. झाले नऊ तास, एसडीवर ८ जीबीच्या आसपास. आणि मुलाची एक टी-ट्वेंटी मॅच, चार तास, एचडी, १४ जीबीच्या वर!! म्हणजे आज्जीचा पूर्ण आठवडा एका मॅचपेक्षा कमी. आणि आयपीएलच्या एका सीझनला सत्तरच्या वर मॅचेस, त्या सगळ्या ठेवायच्या म्हटल्या तर हजार जीबीच्या वर जातं, म्हणजे १ टीबीची डिस्क एकट्या आयपीएललाच पुरणार नाही. (त्यात १ टीबी लिहिलेली डिस्क कॉम्प्युटरवर ९३१ च दाखवते आणि ५०० ची ४६५, ही फसवणूक नाही, कंपनी हजारानं मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ नं, एवढंच.) वही मुलासमोर ठेवली तर म्हणतो, पप्पा पण मॅच मॅच असते. मी विचारलं, मागच्या सीझनमधली रेकॉर्ड केलेली किती मॅच परत बघितलीस? एक. तीही अर्धी.

त्यामुळे तुम्ही पण आधी यादी उघडून कोण किती तास आणि एचडी का एसडी एवढंच लिहून काढा. माझी पैज आहे, जो जास्त ओरडतोय त्याचंच जास्त निघेल.

यादी बघताना अजून दोन गोष्टी सापडल्या ज्या आम्हाला माहीतच नव्हत्या. पहिली म्हणजे रिपीट. मालिका रात्री आठला लागते, मग परत अकराला, परत दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि आपण सिरीज रेकॉर्डिंग लावून मोकळे, बॉक्स बिचारा तिन्ही वेळा रेकॉर्ड करतो. नावावरून ओळखतो ना तो, नवीन भाग का जुना त्याला काय कळणार. आईचे तेच तेच भाग तीन-तीनदा पडलेले होते, आणि ती म्हणायची हल्ली मालिका पुढंच सरकत नाही. मग सिरीजचा पर्याय काढून टाकला आणि वेळेचा टायमर लावला, सोमवार ते शनिवार, आठ ते साडेआठ, विषय संपला.

दुसरी म्हणजे आधीची आणि नंतरची जादा मिनिटं. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर शेवट हुकू नये म्हणून आम्ही दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं लावलेली. अर्ध्या तासाच्या मालिकेला वीस मिनिटं जादा म्हणजे दीडपटीच्या वर गेलं की हो! रोजच्या मालिकेला दोन आणि तीन मिनिटं भरपूर झाली. मॅचला मात्र शेवटी तासभर ठेवा, तिथं कंजूषी केली तर नेमकी शेवटची ओव्हर जाते आणि घरात जो आवाज होतो तो डिस्क भरल्यापेक्षा वाईट.

एचडीचंही तसंच, मालिकेत स्वयंपाकघरातली भांडणं एचडीत बघून काय वेगळं दिसणार आहे. त्याच चॅनलचं एसडी पॅकमध्ये असेल तर रेकॉर्डिंग त्यावर लावा. मॅच, निसर्गाचे कार्यक्रम वगैरे एचडीत ठीक आहे.

आता मोठ्या डिस्कचं काय झालं ते. आमचा बॉक्स टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, कप्प्याला मागून हवा नाही, आणि आईनं धूळ बसू नये म्हणून त्यावर आणि डिस्कवर मिळून एक टॉवेल टाकलेला, आमच्याच कारखान्यातला, चांगला जाड. सोलापूरचा मे महिना, बाहेर ४३-४४, आत टॉवेलखाली किती असेल देव जाणे. दुपारी लाईट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि बॉक्स गेला तो गेलाच. टॉवेल उचलला तर खालची डिस्क इस्त्रीसारखी तापलेली. डिस्क मात्र वाचली होती, लॅपटॉपला लावली की फिरल्याचा आवाज यायचा, म्हणून मी निर्धास्त, म्हटलं नवीन बॉक्स आला की परत लावू.

नवीन बॉक्स आला, डिस्क लावली, स्क्रीनवर मेसेज, ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल, म्हणजे आतलं सगळं पुसून. बसवायला आलेल्या पोराला विचारलं तर म्हणतो, "काका, जुन्या बॉक्सचं नव्यावर चालत नसतंय, टाका फॉरमॅट मारून." लॅपटॉपवर पण तेच, विंडोज म्हणतं फॉरमॅट करू का. तेव्हा कळलं की डीटीएचच्या बॉक्सवर होणारं रेकॉर्डिंग कुलूप लावून साठवलं जातं आणि किल्ली त्या एकाच बॉक्सकडे असते. बॉक्स मेला की किल्ली गेली, मग डिस्क कितीही चांगली असू दे, २ टीबीची असू दे नाहीतर १० ची. आमच्या बॉक्सला तर रिचार्ज संपलं तरी जुनी रेकॉर्डिंग उघडायची नाहीत, हे पण तोपर्यंत कधी लक्षात आलं नव्हतं.

मालिका गेल्या त्याचं कुणाला काही वाटलं नाही, त्या ॲपवर मिळतात, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर. आईचं एक रेकॉर्डिंग होतं ते गेलं. आषाढीच्या आधी सह्याद्रीवर वारीचं थेट प्रक्षेपण दाखवतात ना, त्यात बाजीराव विहिरीच्या रिंगणात माझी मावशी डोक्यावर तुळस घेऊन चार सेकंद दिसली होती, चार म्हणजे चारच, पण आईनं ते लॉक करून ठेवलेलं आणि घरी आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी ते दाखवायची, रिमोटनं नेमकं तिथंच थांबवता यायला लागलं होतं तिला.

लॉकवरून आठवलं, आमच्याकडं व्हीसीआर होता तेव्हा कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी टिकली असायची, ती मोडली की त्या कॅसेटवर परत टेप होत नसे. आणि टेप करायचंच असेल तर त्या भोकावर सेलोटेप लावायचा, की झालं. १९९६ च्या वर्ल्डकपमध्ये बंगळुरूला भारत-पाकिस्तान क्वार्टर फायनल होती, ९ मार्चला, जडेजानं वकार युनूसला धुतला ती, त्या दिवशी काकानं आत्याच्या लग्नाच्या कॅसेटवर सेलोटेप लावून मॅच टेप केली. आत्या अजून त्याच्याशी सरळ बोलत नाही. सांगायचा मुद्दा, बॉक्समधलं लॉक बटण म्हणजे ती टिकलीच, चुकून पुसलं जाऊ नये एवढ्यापुरतं. बॉक्स जळण्यापासून ते वाचवत नाही.

मग आता आम्ही काय करतो. डीटीएचच्या बॉक्सवर फक्त बघून उडवायच्या गोष्टी. बघितलं की तिथंच डिलीट, आणि रविवारी पाणी भरून झालं की मी यादी उघडतो, दोन आठवडे कुणी हात न लावलेलं असेल तर घरात हाक मारून विचारतो, उत्तर नाही आलं तर उडवतो. प्रत्येकाला तासांचा कोटा वगैरे पण करून बघितला होता, आठवडाभर टिकला, पोरं आज्जीचा कोटा उसना घ्यायला लागली. पंधरा-वीस टक्के जागा कायम रिकामी ठेवतो, कारण आमचा बॉक्स जागा संपली की सगळ्यात जुनं स्वतःच उडवतो आणि तुमचा पण तसाच असेल तर नेमकं हवं ते जाणार. सेटिंगमध्ये बघा, तो पर्याय बऱ्याच बॉक्सला बंद करता येतो.

आणि ठेवायचंच असेल त्यासाठी वेगळा रस्ता. सह्याद्री फ्री डिशवर (दूरदर्शनची बिनरिचार्जची डिश) आहे, आणि फ्री डिशचे बरेच साधे बॉक्स पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करतात, ती फाइल लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये (व्हिडिओ बघायचं फुकट सॉफ्टवेअर) सरळ उघडते, कुलूप नाही. मामाकडं बार्शीला हे बघितलं आणि नवी पेठेतून तसाच एक आणला, गच्चीवर दुसरी छोटी छत्री लावावी लागली. घेताना दुकानातच पेनड्राइव्ह लावून दोन मिनिटं रेकॉर्ड करून लॅपटॉपवर चालतंय का बघून घ्या, सगळेच बॉक्स तसे नसतात, आणि दुकानदार हो हो सगळं चालतं म्हणणारच. लांबलचक रेकॉर्डिंगचे ४ जीबीला तुकडे पडले तर घाबरू नका, पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट असला की एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही. मग त्यातला हवा तेवढाच तुकडा कापून लॅपटॉपवर एक आणि दुसऱ्या डिस्कवर एक अशा दोन कॉप्या. तीन तासांचं प्रक्षेपण ठेवण्यात अर्थ नाही, आपली माणसं दिसतात तेवढं ठेवा. घरच्यापुरतंच हं, ते ग्रुपवर टाकत बसू नका.

एवढं करूनही मोठी डिस्क घ्यायचीच असेल तर बॉक्सच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त किती टीबी चालते ते आधी बघा. छोट्या अडीच इंची डिस्कला वीज यूएसबीतूनच मिळते, काही जुन्या बॉक्सला ती पुरवता येत नाही, मग टिक टिक आवाज येतो आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटतं, अशा वेळी वेगळा अडॅप्टर असलेली घ्या. पेनड्राइव्हवर लाइव्ह टीव्ही थांबवायची सोय चालू ठेवू नका, बॉक्स त्यावर सतत लिहीत राहतो आणि पेनड्राइव्ह लवकर जातो. आणि बॉक्स, डिस्क दोन्ही उघड्यावर, भिंतीपासून चार बोटं लांब, शक्य असेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर. टॉवेल नको.

मावशीचं म्हणाल तर, आई एकदा कुणालातरी ते दाखवत असताना माझ्या मुलीनं स्टेटसला टाकायला म्हणून मोबाईलवर टीव्हीचाच व्हिडिओ काढला होता. अकरा सेकंदांचा, स्क्रीनवर आमच्या पंख्याची सावली फिरतीय, मागं कुकरची शिट्टी, आणि आईचा आवाज, ही बघा ही बघा. तो मिळाला. तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलाय, एकूण २० एमबी पण नाही.