डोंगरातल्या तळ्यात ट्राउट सोडले तर बिघडतं काय? पाणी तर तसंच निळं दिसतं

तुम्ही अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या वरच्या तळ्यांबद्दल विचारलंय म्हणून तिथलंच सांगते. तिथल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत साधारण 1800 मीटरच्या वर बहुतेक तळ्यांत मुळात मासेच नव्हते, हिमनद्यांनी कोरलेली तळी आणि खाली एवढाले धबधबे, मासा चढणार कुठून. मग एकोणिसाव्या शतकात लोकांनी खेचरांवर लादून ट्राउट (थंड पाण्यातले शिकारी मासे) वर नेले आणि 1950 च्या दशकात तर विमानातून पिल्लं टाकायला लागले, गळ टाकणाऱ्यांसाठी.

ट्राउट डोळ्याने बघून शिकार करतो, त्यामुळे झूप्लँक्टनमधलं (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) जे मोठं आणि ठळक ते आधी जातं. बिनमाशांच्या तळ्यातला हेस्परोडायाप्टोमस हा कोपेपॉड (खेकडा-कोळंबीच्या कुळातला बारीक जीव) दोनेक मिलिमीटरचा आणि चक्क लालभडक, तिथली डॅफ्निया (म्हणजे पाणपिसू) काळपट. हा रंग उगाच नाही, एवढ्या उंचीवर पाणी नितळ आणि अल्ट्राव्हायोलेट जबरदस्त, त्यापासून वाचायला तो लागतो, पण मासे आले की तोच रंग जिवावर उठतो कारण लांबूनही दिसतो. मग मोठे संपतात, उरतात त्यांच्याहून कितीतरी बारीक रोटिफर नावाचे जीव वगैरे, ज्यांच्या मागे ट्राउट लागतच नाही. आणि पाणी वरून तसंच निळं, त्यामुळे काही गेलंय हे कुणाला कळतसुद्धा नाही, मला याचंच फार वाईट वाटतं.

या झूप्लँक्टनला माशांपासून लपता येत नाही का? येतं, पण त्याला वेळ लागतो. पोलंडच्या टाट्रा डोंगरातल्या तळ्यांवर ग्लिविच या शास्त्रज्ञाचा 1986 चा पेपर आहे, जिथे मासे हजारो वर्षांपासून आहेत तिथले सायक्लॉप्स (हाही कोपेपॉडच) दिवसा खोल अंधारात जातात आणि रात्री वर येतात, जिथे मासे अलीकडे सोडलेत तिथे हे बरंच कमी. दिवसा वर राहणारे पिढ्यानपिढ्या खाल्ले गेले तेव्हा कुठे ती सवय पक्की होते.

मासे काढले तर डॅफ्निया बऱ्याचदा परत येते, तिची अंडी तळाच्या गाळात कित्येक दशकं टिकतात आणि मादी एकटीच पिल्लं काढू शकते. हेस्परोडायाप्टोमसचं तसं नाही, त्यात नर हवाच, आणि मोजकेच उरले तर एवढ्या पाण्यात दोघांची गाठच पडत नाही, म्हणून मासे गेल्यावरही काही तळी त्याच्याविना राहिलीत.

योसेमिटीत मासे सोडणं 1991 मध्ये बंद झालं, पण आधीचे ट्राउट बऱ्याच तळ्यांत आपले आपण वाढतायत. तुमच्याकडे मासेमारीचं लायसन्स असेल तर नियमात बसतील तेवढे पकडा आणि खा, फक्त जिवंत मासा दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नका, प्लीज.