नजर सोड, तपशील धर

चौकशीत समोरचा नजर चुकवतोय म्हणजे खोटं बोलतोय, हे आधी डोक्यातून काढ. निरपराध माणूसही चौकशीत घामाघूम होतो. नुसतं बोलणं-वागणं पाहून खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्केच बरोबर ठरतात, म्हणजे जवळपास छापा-काटाच की! त्यापेक्षा ‘त्या संध्याकाळी काय काय झालं, सगळं सांगा’ म्हण आणि गप्प बस. मध्ये तोंड घालू नकोस. मला हे जमायला वर्षं लागली. मग तोच प्रसंग शेवटाकडून उलटा सांगायला लाव. रचलेली गोष्ट तिथे बऱ्याचदा अडखळते (खरी आठवणही कधी अडखळते, लगेच शिक्का मारू नकोस). आणि हातातला पुरावा, समजा पार्किंगची पावती, आधीच टेबलावर ठेवू नकोस. ‘गाडी कुठे लावली होती?’ एवढंच विचार. उत्तर शब्दशः लिहून घे, पावती नंतर काढ आणि उत्तराशी ताडून बघ.