क्रिएटिनिन नॉर्मल असताना लघवीची तपासणी करावी का?

तुमच्या वडिलांचे वय 62, मधुमेह 12 वर्षांचा आणि रक्तातील क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) 1.2, लॅबच्या मते ते नॉर्मल आहे, तरीही आणखी काही तपासावे का आणि कोणत्या लक्षणांकडे लक्ष ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराची तपासणी, म्हणजे एसीआर, याच आठवड्यात करून घ्या. मधुमेही माणसाला केवळ क्रिएटिनिन पाहून किडनी उत्तम असल्याचे सांगणे हा बेजबाबदारपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या आईलाही जुना मधुमेह, आणि तिचेही क्रिएटिनिन 1.2 च होते. वय 64, अंगकाठी किरकोळ. रिपोर्टवर 0.6 ते 1.2 अशी मर्यादा छापलेली होती. मर्यादेबाहेरचे आकडे ठळक अक्षरांत येतात, हा आला नाही, म्हणून कोणाचीच नजर त्यावर थांबली नाही. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, त्यामुळे ते वय आणि शरीरयष्टी बाजूला ठेवून वाचताच येत नाही. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढतात. त्यासाठीच्या 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात 1.2 हा आकडा घातला, तर पंचविशीतल्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे 86 निघतो. आईचा 50 च्या आसपास निघाला. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात.

आमच्या घरात दवाखान्याच्या बाबतीत मामांचा शब्द अखेरचा असे. सकाळी आईच्या डोळ्यांभोवती सूज दिसायची, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागायचे, लघवीवरचा फेस पाणी ओतले तरी लवकर विरत नसे. मी एसीआरचा आग्रह धरला तेव्हा ते म्हणाले, “रक्तात काही नाही, तर लघवीत कुठून येणार?” वस्तुस्थिती नेमकी उलटी असते. मधुमेहात बहुधा आधी किडनीतील गाळण्या सैल पडून अल्ब्युमिन लघवीत उतरू लागते आणि क्रिएटिनिन वाढायला त्यानंतर कित्येक वर्षे लागू शकतात. आईचा एसीआर 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवा होता, तो 400 च्या वर निघाला. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी सुरू केली, गुडघ्यांसाठी ती सर्रास घेत असलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी बंद केली, आणि पुढच्या तपासण्यांत अल्ब्युमिन बरेच खाली आले. “तपासले म्हणून आजार निघाला” हे मामांचे पालुपद मात्र अजून सुटलेले नाही. आजार होताच, तपासल्यामुळे त्यावर इलाज सुरू झाला.

किडनी प्रोफाइलच्या पॅकेजवर विसंबू नका. मी पाहिलेल्या पॅकेजांत युरिया, युरिक ॲसिड, सोडियम, पोटॅशियम सगळे होते. लघवीतील अल्ब्युमिन नव्हते. युरिया तर पाणी कमी प्यायल्यानेही वाढतो. लघवीत पट्टी बुडवून करतात त्या साध्या तपासणीत थोडे अल्ब्युमिन सुटून जाते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त राहू नका, कारण मधुमेहात किडनीचा आकार बराच काळ कमी होत नाही. लक्षणांचे म्हणाल, तर पायांवर सूज, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणे, रक्त कमी होऊन येणारा फिकेपणा ही बहुतेक उशिराची लक्षणे आहेत. त्यांची वाट पाहत बसणे चुकीचे आहे. नुसत्या कंबरदुखीचा किडनीशी सहसा संबंध नसतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. त्याच सूत्राने तुमच्या वडिलांचा ईजीएफआर 68 च्या आसपास येतो. तेवढ्यावरून आजार ठरत नाही आणि एसीआर 30 च्या आत आला, तर घाबरण्याचे कारण नाही. पण मधुमेह आहे तोवर दोन्ही तपासण्या दरवर्षी करायला हव्यात. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांमुळे एसीआर तात्पुरता वाढतो, म्हणून निदान एका नमुन्यावर करत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीनपैकी दोन नमुन्यांत तो वाढलेला दिसावा लागतो. मी डॉक्टर नाही. बायोप्सी लागेल का, औषध कोणते द्यावे, हे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीतज्ज्ञच ठरवतील. आईच्या गोळ्यांची नावे वाचून वडिलांच्या गोळ्यांत परस्पर बदल करू नका. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या, आणि घरातले कोणी “रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, मग हे कशाला” म्हणाले, तरी तो द्याच.