पिसे भरलेले जॅकेट घरी कसे धुवावे, कसे वाळवावे

प्रश्न : माझ्याकडे बदकाच्या पिसांचे जॅकेट आहे. दोन हिवाळे वापरल्यावर त्याची कॉलर आणि बाह्यांची टोके तेलकट, काळपट झाली आहेत आणि ते पूर्वीइतके उबदारही राहिलेले नाही. पाणी लागले की पिसे खराब होतात असे अनेकांनी सांगितल्यामुळे मी ते आजवर धुतलेले नाही. ते ड्रायक्लीनिंगला द्यावे, की घरी धुता येईल?

उत्तर : घरी अवश्य धुता येईल आणि आपल्या वर्णनावरून ते आता धुणेच त्याच्या हिताचे आहे. धुतल्यावर बिघडलेले जॅकेट बहुधा चुकीच्या साबणाने किंवा अर्धवट वाळवल्याने बिघडलेले असते. दोष मात्र पाण्याच्या माथी येतो.

अशा जॅकेटात जे भरलेले असते, त्याला डाऊन म्हणतात. बदक किंवा हंसाच्या बाहेरच्या पिसांखाली मऊ पिसांचा जो थर असतो, तो हा. त्यात बाहेरच्या पिसासारखी टणक दांडी नसते. एका बारीक केंद्रापासून असंख्य तंतू सर्व दिशांना फुललेले असतात आणि त्या तंतूंमध्ये अडकून स्थिर राहिलेली हवाच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. ज्या पिसांचा दर्जा ८०० सांगितला जातो, ती सुमारे २८ ग्रॅम पिसे नीट फुलल्यावर साधारण १३ लिटर जागा व्यापतात. घाम आणि त्वचेचे तेल आत झिरपले की हे तंतू एकमेकांना चिकटतात, फुलोरा बसतो आणि ऊब कमी होते. आपल्या जॅकेटाचे नेमके हेच झालेले असावे, आणि ते धुतल्याने पुष्कळ अंशी भरून निघते.

ड्रायक्लीनिंगबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्यातील द्रावके तेल विरघळवण्यासाठीच असतात आणि मळाबरोबर पिसांमधले थोडेसे नैसर्गिक तेलही ती काढून नेऊ शकतात. मग पिसे कोरडी आणि ठिसूळ होतात. तरीही अखेरचा शब्द जॅकेटाच्या आत शिवलेल्या पट्टीचा मानावा. तिच्यावरील पाण्याच्या टबचे चिन्ह फुलीने खोडलेले असेल, तर ते जॅकेट घरी धुऊ नये. टबमध्ये आकडा असेल, तर पाण्याचे तापमान त्याहून जास्त नसावे. चौकोनातील वर्तुळ म्हणजे गरम हवेचा ड्रायर चालतो, आणि त्यात एकच ठिपका असेल तर उष्णता कमीच ठेवायची.

धुण्यापूर्वी खिसे रिकामे करावेत, चेन आणि चिकटपट्ट्या बंद कराव्यात आणि कापडाला कुठे चीर गेली आहे का ते प्रकाशात धरून पाहावे, कारण ओल्या पिसांच्या भाराने लहान चीर मोठी होते. कॉलर आणि बाह्यांच्या टोकांवर सौम्य साबणाचे पाणी लावून मऊ ब्रशने हलके चोळावे. तेवढ्याने जॅकेट स्वच्छ दिसू लागले आणि ऊबही कायम असली, तर पूर्ण धुण्याची घाई करू नये; आपल्या बाबतीत मात्र ऊबच कमी झालेली असल्यामुळे पूर्ण धुणे आवश्यक आहे.

पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये नाजूक कपड्यांच्या आवर्तनावर, ३० अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात जॅकेट एकटेच धुवावे आणि साबणाचा अंश राहू नये म्हणून विसळण्याची एक-दोन आवर्तने जास्तीची द्यावीत. वरून उघडणाऱ्या ज्या यंत्रात मधोमध फिरणारा खांब असतो, त्यात ते घालू नये. तो कापडाला पीळ देतो आणि आतील कप्प्यांच्या शिवणी उसवतात.

हाताने धुणे वेळखाऊ असले, तरी मला ते अधिक विश्वासाचे वाटते, कारण शिवणींवर किती ताण येतो आहे हे हाताला कळत राहते. मोठ्या टबात कोमट पाणी घेऊन त्यात आधी साबण मिसळावा. जॅकेट आतील हवेमुळे तरंगत राहते, म्हणून ते खालच्या काठापासून घट्ट गुंडाळत हवा काढून टाकावी आणि ती गुंडाळी पाण्याखाली नेऊन तेथे उलगडावी. १५ ते ३० मिनिटे भिजू द्यावे, मग तळव्यांनी दाबत दाबत मळ काढावा. घासू नये, आपटू नये, पिळू तर मुळीच नये. फेस यायचा पूर्ण थांबेपर्यंत पाणी बदलत विसळावे. यात कंटाळा केला तर उरलेला साबण पिसांना चिकटून राहतो आणि धुतल्याचा हेतूच साधत नाही.

टबातून बाहेर काढण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा असतो. पाण्याने जड झालेले जॅकेट खांद्याला धरून उचलले, तर सगळा भार एकेका कप्प्याच्या तळाशी येऊन आतील पडदे फाटू शकतात. आधी टबातले पाणी सोडून द्यावे, जॅकेट तिथेच दाबून निथळू द्यावे आणि मग दोन्ही हात खालून घालून, आधार देऊन उचलावे.

प्रश्न : रोजची कपडे धुण्याची पावडर याला का चालत नाही? आणि मऊपणासाठी फॅब्रिक सॉफ्टनर घातला तर?

उत्तर : पिसे केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात, आपले केस आणि नखेही त्याचीच असतात. अन्नाचे आणि रक्ताचे डाग निघावेत म्हणून अनेक पावडरींत प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, घातलेली असतात, आणि बहुतेक पावडरी अल्कधर्मीही असतात. सुती कपड्यांना त्याचे काही वाटत नाही. पिसांचे तंतू मात्र अशाने कमकुवत होतात. म्हणून डाऊनसाठी मिळणारा द्रव साबण वापरावा. तो मिळत नसेल, तर एन्झाइम आणि ब्लीच नसलेला सौम्य द्रव साबण अगदी थोडा घ्यावा. फॅब्रिक सॉफ्टनर पूर्णपणे टाळावा, कारण तो तंतूंवर थर चढवतो आणि त्या थरामुळे पिसे मोकळी फुलत नाहीत.

प्रश्न : मी जॅकेट काळजीपूर्वक धुतले आणि दोरीवर टांगून वाळवले. दुसऱ्या दिवशी हाताला कोरडे लागले म्हणून कपाटात ठेवले. आता कप्प्यांच्या खालच्या बाजूला गोळे झाले आहेत, वरचा भाग रिकामा आहे आणि कुबट वास येतो. बदके तर दिवसभर पाण्यात असतात, मग त्यांच्याच पिसांची अशी गत का व्हावी? जॅकेट वाया गेले का?

उत्तर : वाया गेलेले नाही, फक्त ते अजून वाळायचे आहे.

बदक पाण्यात असताना त्याचे डाऊन सहसा पाण्याला भिडतच नाही. वरच्या पिसांचे तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत गुंतून एक सलग आवरण तयार करतात, आणि पक्षी चोचीने त्यांची सतत निगा राखतो. त्या आवरणाखाली डाऊन कोरडे राहते. जॅकेटात हे आवरण नसते. पाणी थेट डाऊनपर्यंत पोहोचते, तंतू चिकटून लहान ओले गोळे होतात आणि प्रत्येक गोळा आपल्या पोटात ओल धरून बसतो.

त्यात भर पडते ती कापडाची. पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून हे कापड अतिशय घट्ट विणीचे असते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने बलूनच्या कापडात पिसे भरून शिवलेला कोट वापरला होता. पिसे आत आणि वारा बाहेर राखायचा, तर कापड तसेच लागते. परंतु जी वीण वारा अडवते, तीच आतील दमटपणालाही सावकाश बाहेर सोडते. वरचे पातळ कापड थोड्याच वेळात कोरडे होते आणि गोळ्यांचा गाभा मात्र ओलाच असतो. म्हणूनच हाताला कोरडे लागणे ही वाळल्याची खूण धरता येत नाही. वाळल्याची खरी खूण अशी : प्रत्येक कप्पा चिमटीत धरून पाहिला असता कुठेही कडक किंवा थंड गोळा लागू नये, उजेडासमोर धरल्यावर गडद ठिपके दिसू नयेत, आणि दाबून सोडल्यावर पिसे लगेच वर यावीत.

आपल्या जॅकेटात ओल कोंडल्यामुळे वास धरलेला आहे, तेव्हा ते पुन्हा धुऊन, नीट विसळून मगच वाळवावे. धुताना ओल्या पिसांना जो थोडासा प्राण्यांसारखा वास येतो तो वेगळा, आणि तो वाळल्यावर जातो. कुबट वास मात्र उरलेल्या ओलीचा असतो.

गरम हवेचा ड्रायर उपलब्ध असेल, तर सर्वांत कमी उष्णतेवर जॅकेट घालून सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू टाकावेत. ते आपटत राहतात आणि गोळे फुटतात. चेंडू नवे असतील तर त्यांचा रंग उतरू नये म्हणून जुन्या पांढऱ्या मोज्यांत बांधावेत. दर अर्ध्या तासाने जॅकेट बाहेर काढून उरलेले गोळे बोटांनी मोकळे करावेत. या कामाला साधारण दोन ते चार तास लागतात, जाड जॅकेटाला त्याहूनही अधिक. वेळ वाचवण्यासाठी उष्णता वाढवू नये, कारण पातळ नायलॉन आकसते किंवा वितळते.

प्रश्न : आमच्या यंत्रातील ड्रायर कपडे फक्त गरगर फिरवून पाणी काढतो. त्याने काम होईल का? नसल्यास ड्रायरशिवाय काय करावे?

उत्तर : त्या भागाने वाळवण्याचे काम होणार नाही, पाणी निथळण्यास मात्र त्याची मदत होते. जॅकेट गुंडाळून, भार सर्व बाजूंना सारखा राहील असे ठेवून, थोडा वेळ आणि शक्य तितक्या कमी वेगाने फिरवावे. नंतर ते जाड टॉवेलात गुंडाळून दाबावे आणि टॉवेल भिजला की दुसरा घ्यावा.

ड्रायर नसला तरी जॅकेट उत्तम वाळते, फक्त माणसाला त्याच्याजवळ राहावे लागते. ते टांगू नये. टांगल्यावर ओली पिसे कप्प्यांच्या तळाशी उतरतात. जाळीवर किंवा कपडे वाळवण्याच्या घडवंचीवर आडवे पसरावे, म्हणजे खालूनही हवा लागेल. पंखा सुरू ठेवावा. दर दोन-तीन तासांनी उलटावे आणि प्रत्येक वेळी कप्पे एकेक करून चिमटीत घेऊन गोळे हलकेच सुटे करावेत, मग जॅकेट दोन्ही हातांत धरून झटकावे. पहिल्या दिवशी काहीच होत नसल्यासारखे वाटते, पिसे चिखलासारखी बसलेली असतात. दुसऱ्या दिवशी कडेच्या कप्प्यांपासून ती वर येऊ लागतात. दोन ते तीन दिवस धरून चालावे आणि हवा दमट असेल तर आणखी एक-दोन. म्हणून कोरड्या हवेचे दिवस पाहूनच धुण्याचे ठरवावे.

सावलीत आणि वाऱ्यावर वाळवणे उत्तम. कोवळे ऊन थोडा वेळ लागले तर बिघडत नाही, पण कडक उन्हात दिवसेंदिवस ठेवल्यास अतिनील किरणांनी नायलॉनची ताकद कमी होते आणि रंग विटतो. इस्त्री आणि हीटरचा तापलेला पृष्ठभाग जॅकेटाला लागू देऊ नये. केस वाळवण्याचे यंत्र जवळ धरून एकाच जागी गरम हवा सोडणेही तितकेच धोक्याचे आहे.

प्रश्न : शिवणींतून बारीक पिसे बाहेर येतात. ती ओढून काढली तर चालतील का?

उत्तर : ओढू नयेत. पिसाचे बाहेर आलेले टोक निमुळते आणि आतला भाग रुंद असतो, त्यामुळे ओढताना छिद्र मोठे होते आणि त्याच वाटेने पुढचे पीस येते. उलट बाजूने कापडासकट चिमटीत धरून ते आत खेचावे आणि छिद्रावर बोट हलके फिरवावे.

प्रश्न : पूर्वी जॅकेटावर पावसाचे थेंब मोत्यांसारखे घरंगळत असत, आता कापड लगेच भिजते. धुतल्याने असे झाले का?

उत्तर : बाहेरच्या कापडावरील पाणी झटकणारा लेप वापराने आणि घर्षणाने झिजतो, मळ आणि साबणाचा अंश साचला तरीही तो काम करीनासा होतो. म्हणून आधी जॅकेट साबणाचा अंश न ठेवता धुऊन पूर्ण वाळवावे. पट्टीवर ड्रायरची परवानगी असेल, तर त्यातील सौम्य उष्णतेनेही लेप बऱ्याचदा पुन्हा काम करू लागतो. तरीही थेंब शोषले जात असतील, तर डाऊनच्या कपड्यांसाठी मिळणारा फवारा बाहेरच्या बाजूने मारावा. त्यानंतरही जॅकेट पावसाळी कोट होत नाही, मोठ्या पावसात त्यावर वेगळे आवरण घालावेच लागते.

प्रश्न : हिवाळा संपल्यावर जॅकेट त्याच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवावे का?

उत्तर : ती पिशवी प्रवासापुरती आहे. महिनोन्महिने दाबून ठेवलेल्या पिसांचा फुलोरा हळूहळू कमी होतो. वाळल्याची खात्री झाल्यावरही जॅकेट एक दिवस मोकळ्या हवेत राहू द्यावे आणि मग रुंद हँगरवर किंवा मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावे. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नये, कारण पिसांत ओल जराशी जरी उरली असेल, तरी तिला बाहेर पडायला वाट राहत नाही.